बेटावर जायच्या आधी परतीची होडी ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नाशिकच्या सिडकोत वरच्या मजल्यावरचा फ्लॅट, मे महिन्याचा उकाडा, त्यात गर्दी आणि खोदलेले रस्ते. दोन जोडपी आणि 9 व 12 वर्षांची दोन मुलं असे सहा जण, धाकट्याला दमा. हाताशी एक शनिवार-रविवार. नाशिकजवळच्या एखाद्या धरणातल्या बेटावर तंबू ठोकून एक रात्र राहता येईल का? आणि ते जमत नसेल तर कोकणातलं एखादं बेट चालेल का?

राहता येईल. मात्र तुम्ही पाठवलेल्या यादीत जागा पहिली आहे, मग तंबू, मग जेवण आणि सगळ्यात शेवटी होडी. ही यादी उलटी करा. वीस-बावीस वर्षं मी नाशिकहून लोकांना धरणांकाठी मुक्कामाला नेतो आहे आणि त्यातून एक गोष्ट पक्की कळली आहे. बेटावर जाणं कुणालाही जमतं. रात्री दोन वाजता कुणाच्या पोटात दुखायला लागलं तर तिथून बाहेर कसं पडायचं, याचं उत्तर ज्याच्याकडे आहे त्यानेच बेटावर झोपावं.

आधी हे बेट म्हणजे काय ते बघू. आपल्याकडची धरणातली बेटं म्हणजे बुडालेल्या टेकाडांचे माथे. दिवाळीच्या सुमारास धरण तुडुंब असतं तेव्हा ती लहानशी, हिरवी, चारी बाजूंनी पाणी असलेली दिसतात. पुढे कालव्यांना एकेक आवर्तन सुटत जातं, पाणी उतरतं आणि तोच माथा रुंद होत होत बहुतेक वेळा काठाला येऊन मिळतो. म्हणून हिवाळ्यात काढलेला व्हिडिओ बघून मे महिन्याचा बेत करू नका. ज्या बेटासाठी तुम्ही होडी शोधाल तिथे मे महिन्यात गुरं चरत चरत पोचलेली असतात. पाणी उतरलेल्या जमिनीवर काठचे लोक गाळपेर करतात. तंबूला छान वाटणारी सपाट काळी जागा कुणाचं तरी शेत असू शकतं, हेही लक्षात असू द्या.

दुसरी गोष्ट सावलीची. टेकाडाचा जो भाग दर पावसाळ्यात पाण्याखाली जातो त्यावर मोठं झाड टिकत नाही. त्यामुळे मे महिन्यातलं धरणातलं बेट म्हणजे उघडं, तडे गेलेलं, मुरमाड टेकाड. दुपारी एक वाजता तिथे तुम्हाला घरच्यापेक्षा जास्त उकडेल आणि नायलॉनच्या तंबूत तर पाच मिनिटं बसवणार नाही. इगतपुरीकडचा धरणांचा भाग उंचीनेही नाशिक शहरापेक्षा फार वर नाही, दोन्ही समुद्रसपाटीपासून 600 मीटरच्या आसपास. तिथे थंडावा मिळतो तो रात्री. शहरातला स्लॅब दिवसभर पिऊन ठेवलेलं ऊन पहाटेपर्यंत परत देत राहतो. उघडी जमीन मात्र निरभ्र आकाशाखाली झपाट्याने निवते आणि पाण्यावरून येणारी झुळूक अंगाला लागते. पहाटे तीनच्या सुमारास आपोआप चादर ओढून घ्यावी लागते. तुम्हाला हवी आहे ती हीच रात्र. म्हणून दोन दिवसांचा मुक्काम न धरता संध्याकाळ ते सकाळ एवढाच धरा आणि दुपार काठच्या गावात आंब्या-जांभळाच्या सावलीत काढा.

यात अडचण एकच, वाऱ्याची. मे महिन्यात धरणाचं पाणी सकाळी आरशासारखं असतं. अकराच्या पुढे वारा धरतो आणि साधारण चार ते सहाच्या दरम्यान सगळ्यात जोरात असतो. म्हणजे उन्हाच्या हिशोबाने जायची वेळ जेव्हा बरी वाटते नेमका तेव्हाच वारा वाईट. मी काठावर उभा राहून पाणी बघतो. लाटांच्या माथ्यावर पांढरा फेस फुटत असेल तर मुलांना होडीत बसवत नाही. सूर्य टेकताना वारा पडतो, तेव्हा उजेड असेपर्यंत वीस मिनिटांत पलीकडे जातो. वारा पडलाच नाही तर तंबू काठावरच लागतो. मुलं हिरमुसतात, मोठी माणसं मुलांपेक्षा जास्त आग्रह धरतात, तरीही.

आता वळीव. एका मे महिन्याच्या अखेरीस इगतपुरीकडच्या एका धरणात मी अकरा जणांना घेऊन गेलो होतो. सगळं व्यवस्थित होतं. होडीवाला आम्हाला सोडून आपल्या गावाकडच्या काठाला परत गेला, सकाळी सातला येतो म्हणाला. पावणेसातला पूर्वेकडून ढग आले, दहा मिनिटांत अंधारलं, वाऱ्याने दोन तंबूंच्या काठ्या मोडल्या आणि विजा सुरू झाल्या. त्या टेकाडावर सगळ्यात उंच वस्तू आम्हीच होतो. होडी पलीकडे. रात्रभर पाणी खवळलेलं, फोनला रेंज नाही. दहा वर्षांच्या एका मुलीला पावसात भिजल्यावर दम लागायला लागला आणि तिचा दम्याचा पंप काठावरच्या गाडीत होता. आम्ही तिला कोरड्या कपड्यांत गुंडाळून, ताठ बसवून, धीर देत पहाट केली. ती सुखरूप घरी गेली. चूक सर्वस्वी माझी होती. होडी परत जाऊ दिली ती मी, आणि औषधाची पिशवी तपासली नाही तीही मीच. तेव्हापासून माझा पहिला प्रश्न ठरलेला आहे: रात्री होडी कुठे असणार?

उत्तर एकच चालतं. होडी बेटावर आणि होडीवालाही बेटावर, आपल्यासोबत मुक्कामी. त्याला रात्रीचे वेगळे पैसे द्या, आपल्यातलं जेवण द्या, त्याच्यासाठी अंथरूण न्या. तो नाही म्हणाला तर बेटाचा बेत सोडा. होडी मासेमारीची पत्र्याची असेल तर ती माणसांसाठी नसते. तुमच्या सहा जणांना सामानासकट दोन फेऱ्या लागतील, एकात कोंबू नका. लाइफ जॅकेट प्रत्येकाला हवं आणि ते बसण्याच्या फळीखाली ठेवलेलं नसावं, अंगात हवं. मुलाला जॅकेट घालून दोन्ही खांद्यांपाशी धरून वर ओढा. ते कानांपर्यंत सरकलं तर पाण्यातही तसंच सरकेल, मग ते त्याच्या मापाचं नाही. लहान मुलांच्या जॅकेटला मांड्यांमधून जाणारा पट्टा असलाच पाहिजे. ती जॅकेटं नाशिकहूनच घेऊन जा, काठावर मुलांच्या मापाची मिळतील यावर विसंबू नका.

विजेबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण मे महिन्यात खरा धोका तिचाच. तंबू विजेपासून वाचवत नाही. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला की वीज तुमच्यापर्यंत पोचू शकते, आणि तोपर्यंत थांबलात तर होडीत बसायची वेळ टळून गेलेली असते, कारण विजेत उघड्या पाण्यावर असणं बेटावर असण्यापेक्षा वाईट. म्हणून निर्णय दुपारीच घ्यायचा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचं 'दामिनी' हे ॲप आजूबाजूच्या विजा दाखवतं, ते फोनवर घ्या. हवामान खात्याने त्या दिवशी नाशिक जिल्ह्याला वादळी पावसाचा पिवळा किंवा नारिंगी इशारा दिला असेल तर बेट नाही. दुपारी तीनला पूर्वेला किंवा घाटमाथ्यावर फुलकोबीसारखे ढग वर चढताना दिसले तरी बेट नाही. 2025 साली तर 26 मेलाच मॉन्सून मुंबईत दाखल झाला होता. त्यामुळे मे म्हणजे कोरडा महिना असं आता धरून चालता येत नाही. तुम्ही तारीख मागे आणू शकत असाल तर मे महिन्याचा पहिला आठवडा तिसऱ्यापेक्षा बरा. जून ते सप्टेंबर धरणातलं बेट आणि धरणाखालचं नदीपात्र, दोन्हीकडे मुक्काम करायचाच नाही. गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी चढलं हे बघून पूर मोजणाऱ्या शहरातल्या माणसाला पाण्याचा वेग वेगळा सांगायला नको.

कुठे जायचं? गंगापूर धरण घराजवळ आहे म्हणून पहिलं डोक्यात येतं, पण ते शहराचं पिण्याचं पाणी आहे आणि त्याच्या काठावर बुडून गेलेल्या तरुण मुलांची संख्या बघता तिथे मुलं घेऊन रात्र काढावी असं मला कधीच वाटलं नाही. नांदूरमध्यमेश्वर तर यादीतून काढूनच टाका. ते राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जगभरात महत्त्वाची मानलेली पाणथळ जागा आहे, अभयारण्य आहे, आणि तिथली बेटं पक्ष्यांची आहेत. तिथे पहाटे दुर्बीण घेऊन जा, झोपायला नको.

तुमच्यासाठी दोनच जागा: वैतरणा किंवा भंडारदरा. घोटीपर्यंत रस्ता एकच. तिथून उजवीकडे त्र्यंबकच्या रस्त्याने ऊर्ध्व वैतरणा, डावीकडे बारीवरून शेंडीला, म्हणजे भंडारदऱ्याला. भंडारदऱ्याला व्यवस्था जास्त आहे. तंबू भाड्याने मिळतात, शेंडीहून रतनवाडीकडे होड्या चालतात, समोर कळसूबाईची रांग, आणि 1926 साली पुरं झालेलं विल्सन धरणही मुलांना दाखवता येतं. पण मे महिन्याच्या अखेरीपासून काजव्यांसाठी तिथे इतकी झुंबड उडते की शनिवारी रात्री गाड्यांच्या रांगेतच बसून राहावं लागतं. गर्दीतून सुटायला म्हणून निघालेल्या माणसाने ते शनिवार टाळावेत. बराचसा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तिथे वनखात्याची प्रवेशफी आणि रात्रीचे नियम पाळावे लागतात.

माझं मत वैतरण्याला. पसरट पाणी, आत शिरलेल्या असंख्य जिभा, माणसं कमी. आणि तिथे तुम्ही बेट शोधण्यापेक्षा नाक शोधा, असं मी आग्रहाने सांगेन. नाक म्हणजे पाण्यात घुसलेली जमिनीची पट्टी, तीन बाजूंना पाणी आणि चौथ्या बाजूला पायवाट. उठल्यावर डोळ्यांसमोर पाणीच पाणी, रात्री तेच आकाश, तीच झुळूक. पण गाडी दहा मिनिटांच्या चालीवर. दमा असलेलं मूल सोबत असताना मी स्वतः नाकावरच झोपेन. बेट हवंच असेल तर रविवारी पहाटे साडेसहाला, पाणी शांत असताना, होडीने चक्कर मारून या आणि नऊच्या आत परता. मुलांच्या दृष्टीने बेट पाहिलं हे पूर्ण होतं. जागा नक्की करण्याआधी गावातल्या माणसाला विचारा आणि जलसंपदा विभागाच्या स्थानिक कार्यालयात मुक्कामाला हरकत नाही ना, ते विचारून घ्या. भिंत, दरवाजे आणि वीजघराच्या परिसरात तर फिरकायचंही नाही.

त्या सकाळच्या चकरेत एक काळजी घ्या. मार्च ते मे हा नदी सुरय या पक्ष्याचा विणीचा काळ. तो घरटं बांधत नाही, उघड्या बेटावर वाळूत किंवा मुरमात नुसता खळगा करून अंडी घालतो. टिटवीचंही तसंच. अंडी मातीच्या रंगाची, पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. पक्षी ओरडत डोक्यावर झेपावायला लागले की तुम्ही अंड्यांजवळ आहात. आल्या पावली मागे फिरा. पालक उडून गेलेले असताना मे महिन्याच्या उन्हात ती अंडी बघता बघता भाजून निघतात. आपण फोटो काढेपर्यंत त्यांचं वर्ष वाया गेलेलं असतं. मी दोन बेटं या एका कारणासाठी कायमची सोडली.

कोकणाबद्दल. खांदेरी, पद्मदुर्ग, सुवर्णदुर्ग ही खरी समुद्रातली बेटं, पण किल्ल्यांवर रात्री मुक्काम करता येत नाही. खांदेरी आणि सुवर्णदुर्ग 2025 पासून जागतिक वारशाच्या यादीतही आहेत, आपल्या साल्हेरसोबतच. मे महिन्याच्या उत्तरार्धात समुद्र खवळायला लागतो, होड्या बंद होऊ लागतात. शिवाय नाशिकहून घाट उतरून जायचं आणि दुसऱ्या दिवशी परत यायचं, यात मुलांचे दोन्ही दिवस गाडीत जातील. पाण्याकाठी सरकारी सोयीने राहायचं असेल तर मध्य प्रदेशात नर्मदेवरच्या इंदिरा सागर जलाशयाचं हनुवंतिया चांगलं आहे, नाशिकरोडहून खंडव्यापर्यंत थेट रेल्वे आहे. पण निमाडचा, म्हणजे त्या खंडव्याकडच्या भागाचा, मे आपल्यापेक्षा कडक, तो बेत डिसेंबरसाठी ठेवा.

आता काठावरच्या पाण्याविषयी. उतरलेल्या धरणाचा काठ फसवा असतो. वरून कोरडी दिसणारी साय असते, खाली गुडघाभर चिखल. आणि दोन पावलांपुढे जुन्या ओढ्याचं पात्र, बुडालेला बांध, कधी बुडीत शेतातली विहीर. चांगला पोहणाराही तिथे अडकतो. मुलं पाण्यापासून दहा पावलांच्या आत असतील तर जॅकेट अंगात, मग ती नुसती दगड मारत असली तरी. पंधरा मीटरचा दोर आणि घट्ट बूच लावलेला पाच लिटरचा रिकामा कॅन तंबूबाहेर हाताशी ठेवा. कुणी पडलं तर उडी मारायची नाही, तो कॅन दोराला बांधून फेकायचा. अंधार पडल्यावर कुणीही पाण्यात उतरायचं नाही, पाय धुवायलाही नाही.

पिण्याचं पाणी माणशी पाच लिटर धरा आणि एका दिवसाचं जास्तीचं ठेवा. धरणाचं पाणी उकळूनच. ओआरएसची पाकिटं, मीठ घातलेलं ताक, पन्हं हे दुपारीच मुलांच्या पोटात गेलं पाहिजे, तहान लागायची वाट बघू नका. जेवणाचा फार घाट घालू नका. गावात आधी सांगून ठेवलं तर पिठलं-भाकरी आणि ठेचा गरम मिळतो, त्या घराला चार पैसेही मिळतात. सकाळसाठी घरून दशम्या आणि लसणाची चटणी. चहासाठी लहान गॅसची शेगडी पुरते. शेकोटी पेटवू नका. मे महिन्यातलं वाळलेलं गवत आणि रात्री अचानक सुटणारा वारा यांनी वणवा लागायला एक ठिणगी बास होते.

शौचाचं लोक शेवटी विचारतात, मी आधी सांगतो. डोंगरात वीतभर खड्डा करून माती लोटणं चालतं. धरणाच्या पोटात चालत नाही, कारण ती जागा दोन महिन्यांत पाण्याखाली जाणार आणि वैतरण्याचं पाणी पुढे मुंबईच्या नळाला जातं. पुरेशी उंची आणि पाण्यापासून निदान साठ मीटर अंतर मिळालं तरच खड्डा. नाहीतर झाकणाची बादली, आत जाड पिशवी, वर राख किंवा लाकडाचा भुसा, आणि घरी परत. गावात ज्यांच्याकडे दुपारी थांबणार आहात त्यांच्या शौचालयाची परवानगी मिळाली तर सगळ्यात उत्तम. खरकटं, टिश्यू, कांद्याची सालं, सगळं परत आणायचं.

तंबू तीन-तीन माणसांचे दोन घ्या, आतली जाळी आणि बाहेरचं कापड वेगळं असलेले. पाऊस नसताना नुसत्या जाळीत झोपा, पण बाहेरचं कापड एका बाजूने अडकवून तयार ठेवा, म्हणजे अर्ध्या मिनिटात ओढता येतं. वारा बहुधा पश्चिमेकडून असतो, म्हणून उंचवट्याच्या पूर्वेला, पण माथ्यावर नाही आणि ओहळाच्या वाटेतही नाही. मुरमात खुंट्या शिरत नाहीत, हातोडी न्या आणि प्रत्येक खुंटीवर दगड ठेवा. पाण्याच्या रेषेपासून उभ्या उंचीने दोन माणसांच्या उंचीइतके तरी वर लावा.

साप असतात. नाग, घोणस, फुरसं, मण्यार, चारही. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो आणि पुष्कळदा कळतही नाही. म्हणून तारे बघता बघता चटईवर झोप लागू द्यायची नाही, तंबूची चेन कायम बंद, बूट आत, चालताना बॅटरी. चावा झाला तर आवळून बांधणं, कापणं, चोखणं काही नाही. हात-पाय न हलवता सरळ दवाखान्यात, 108 ला फोन. निघण्यापूर्वीच घोटी किंवा इगतपुरीत सापाच्या विषावरची लस रात्री कुठे मिळते ते फोन करून विचारून ठेवा, आणि फोनला रेंज कुठल्या उंचवट्यावर येते ते उजेडात शोधून ठेवा.

तारे मात्र बघाच. अमावास्येच्या आसपासचा शनिवार मिळाला तर नऊनंतर आग्नेयेला वृश्चिक वर येऊ लागतो, त्यातली लालसर ज्येष्ठा मुलांना लगेच सापडते. उत्तरेला उंचावर सप्तर्षी, त्याच्या शेपटाची वाकण पुढे नेली की स्वाती, आणखी पुढे चित्रा. बारानंतर आकाशगंगा. सिडकोच्या गच्चीवरून हे दिसत नाही.

शनिवारी दुपारी घोटी गाठण्याइतक्या वेळाने निघा, साडेपाचला जागेवर, सातच्या आत तंबू. रविवारी नऊला आवरून गाडीकडे. धाकट्याच्या डॉक्टरांना आधी विचारा. धूळ, वाळलेलं गवत आणि पहाटेचा गारवा या तिन्हींनी दम उठू शकतो. पंप दोन घ्या. एक आईकडे, दुसरा लहान पिशवीत घालून मुलाच्याच गळ्यात. गाडीत एकही नको.